वयोमान आणि संततिनियमन

कुटुंबनियोजन म्हणजे स्त्रीची शस्त्रक्रिया, असा समज आजही अनेक घरांत आढळतो. वस्तुतः वयाप्रमाणे तिची गरज पालटत असते.

पहिले मूल लांबवू इच्छिणाऱ्या नवविवाहितेस निरोध किंवा ‘माला-एन’ गोळ्या सोयीच्या ठरतात. रक्तदाबाचा विकार असल्यास मात्र या गोळ्या टाळाव्यात. अंगावर पाजणाऱ्या मातेनेही पहिले 6 महिने त्या घेऊ नयेत, कारण त्यांतील इस्ट्रोजेनमुळे दूध घटण्याचा संभव असतो. पाळी आली नाही म्हणून ती निर्धास्त राहते. परंतु बाळाला वरचे अन्न सुरू होताच हा भरवसा उरत नाही आणि पाळीपूर्वीच दिवस राहू शकतात. प्रसूतीनंतर 48 तासांच्या आत तांबी बसविता येते. ‘कॉपर-टी 380 ए’ 10 वर्षे संरक्षण देते. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत विकसित झालेली ‘छाया’ ही संप्रेरकविरहित गोळीही अशा मातेस चालते. ती पहिले 3 महिने आठवड्यातून दोनदा व पुढे एकदा घ्यावयाची असते.

कुटुंब पूर्ण झाल्यावर पुरुषाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया अधिक सोपी असते. तरीही पतिराज मागेच राहतात, हे खेदाचे होय.

चाळिशीत पाळी अनियमित झाली तरी साधन सोडू नये. पन्नाशीनंतर पाळी थांबून 1 वर्ष, त्यापूर्वी थांबल्यास 2 वर्षे, काळजी घ्यावी लागते.