वाशीम जिल्ह्यातील माळराने व वादळी आभाळ : मध्यम आकाराच्या फिल्मवरील छायाचित्रणाचा विचार

प्रस्तावना :

महाराष्ट्रातील निसर्गछायाचित्रणाचा विषय निघाला की सह्याद्रीचे कडे, कोकणचा किनारा अथवा मेळघाटचे अरण्य यांचीच चर्चा होते. गवताळ माळरान या चर्चेत सहसा येत नाही. १९९८ साली अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आलेल्या वाशीम जिल्ह्यात काळ्या कसदार शेतजमिनीच्या अधूनमधून मुरमाड, उथळ मातीचे माळ पसरलेले आहेत. कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य हे त्यांचे सर्वपरिचित उदाहरण होय. अशा जमिनीस व्यवहारात सर्रास 'पडीक' म्हटले जाते. कुसळी, पवन्या, मारवेल यांसारखी गवते, काळवीट, माळावरचे पक्षी आणि गुरे-मेंढ्या राखणारी माणसे या एका शब्दाआड लपून जातात. म्हणून येथील छायाचित्र हे केवळ सौंदर्यचित्र राहत नाही, ती साक्षही ठरते. ती साक्ष फिल्मवर कशी उमटते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

फिल्मचा आकार :

१९०१ साली प्रचारात आलेली १२० क्रमांकाची रोल फिल्म आजही उत्पादनात आहे. एके काळी मध्यमवर्गीय घरांत 'अ‍ॅग्फा क्लिक-३' आणि गावोगावच्या स्टुडिओंत याशिका वा रोलीकॉर्ड हे कॅमेरे याच फिल्मवर चालत. ३५ मि.मी. फिल्मची चौकट २४ × ३६ मि.मी. असते. ६ × ६ या आकारातील चौकट प्रत्यक्षात सुमारे ५६ × ५६ मि.मी. भरते, म्हणजेच तिचे क्षेत्रफळ साडेतीन पटींहून अधिक असते. १६ इंचांची चौरस प्रत काढावयाची झाल्यास मोठी निगेटिव्ह सुमारे ७ पट वाढवावी लागते, तर लहान निगेटिव्ह १७ पट. डोंगराच्या चित्रात हा फरक एक वेळ खपून जातो. माळाच्या चित्रात तो खपत नाही, कारण तेथे अग्रभागी हजारो बारीक काड्यांखेरीज दुसरे काही नसते आणि फिल्मचा रवा त्या काड्यांना गिळून टाकतो.

या लाभाची किंमतही मोजावी लागते. ७५ मि.मी. भिंगाचे छिद्र एफ/१६ वर ठेवून नाभीयन सुमारे ७ मीटरवर केले, तर साडेतीन मीटरपासून क्षितिजापर्यंतचा भाग रेखीव येतो. परंतु वादळापूर्वीच्या मंद प्रकाशात ४०० वेगाच्या फिल्मवरही एफ/१६ ला १/३० सेकंदाच्या आसपास उघडीप द्यावी लागते. त्यावर नारंगी फिल्टर लावला की ती १/८ वर येते. इतक्या वेळात वाऱ्याने झुकणारे गवत धूसर होणारच. तिवई कॅमेऱ्याला स्थिर करते, गवताला नव्हे. तेव्हा गवत रेखीव हवे की त्याची लाट दिसावयास हवी, हा निर्णय आधीच घ्यावा लागतो.

आभाळ आणि फिल्टर :

आरंभीच्या काळातील रासायनिक लेप मुख्यतः निळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देत. त्यामुळे आकाश कोरे पांढरे उमटे. फ्रान्समधील गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५० च्या दशकात समुद्र आणि आकाश यांच्या दोन स्वतंत्र निगेटिव्ह जोडून एक चित्र साधले, तर लिनियस ट्राइप याने १८५५ मधील ब्रह्मदेशाच्या निगेटिव्हवर चक्क हाताने ढग रंगविले. पुढे सर्व रंगांना प्रतिसाद देणाऱ्या फिल्मने ही अडचण बव्हंशी दूर केली. उरलेले काम फिल्टरने होऊ लागले.

लाल फिल्टर निळे आकाश गडद करतो, हे सर्वश्रुत आहे. मात्र पावसाळी ढगाचे पोट करड्या रंगाचे असते. तेथे रोखावयास वेगळा निळा रंगच नसल्याने फिल्टरने फारसे काही साधत नाही. गडद होतात त्या केवळ ढगांमधील निळ्या फटी.

गवताच्या बाबतीत तर ऋतूनुसार उलटच परिणाम होतो. मृगाच्या तोंडावर वाळलेली पिवळी कुसळी लाल फिल्टरमधून उजळ उमटते. श्रावणात तेच माळ हिरवे झाले की पानांतील हरितद्रव्य लाल प्रकाश शोषून घेते आणि त्याच फिल्टरमुळे गवत काळपट पडते. जिवंत कुरण जळक्या पडिकासारखे दिसू लागते. ज्या शब्दाविरुद्ध साक्ष द्यावयाची, त्याच शब्दाला असे चित्र दुजोरा देते! पावसाळ्यात पिवळसर हिरवा फिल्टर, अथवा फिल्टरच नाही, हेच योग्य.

प्रकाशमापन व विकसन :

सायंकाळी पश्चिमेचा सूर्य माळावर आणि पूर्वेला काळाकुट्ट ढग, अशा वेळी नेहमीचे गणित उलटते, कारण जमीन आभाळाहून उजळ असते. प्रकाशमापक समोरच्या प्रत्येक वस्तूला मध्यम करडी समजतो. ढगावरून मोजणी केल्यास ढग फिका पडतो आणि गवत अतिप्रकाशित होते. म्हणून मोजणी उन्हातील गवतावरून करावी. ६ × ६ च्या रोलवर बाराच चित्रे येतात आणि सर्वांचे विकसन एकत्रच होते. एक रोल एकाच प्रकारच्या प्रकाशासाठी राखून ठेवणे त्यामुळे श्रेयस्कर ठरते.

विकसनाचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सियस मानले जाते. वऱ्हाडात मे महिन्यात नळाचे पाणी त्याहून कितीतरी गरम असते. कोरड्या हवेत माठातले पाणी बरेच उपयोगी पडते. पावसाळ्यातील दमट हवेत माठ तितका निववत नाही, तेव्हा द्रावणाचे भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवावे लागते.

वीज व नोंदी :

मोकळ्या माळावर तिवईजवळ उभा असलेला माणूस हाच सर्वांत उंच असतो. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज सुमारे १० किलोमीटरच्या आत आहे असे समजून चित्रण थांबवावे व पक्क्या इमारतीत अथवा बंद मोटारीत जावे. झाडाखाली थांबू नये.

डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा टप्पा खुला झाला. तो या जिल्ह्यातून जातो आणि त्यालगतच्या माळांचे क्षितिज पूर्वीचे राहिलेले नाही. त्याआधीची चित्रे ज्यांच्याजवळ असतील, त्यांचे मोल म्हणूनच मोठे आहे. परंतु स्थळाची नोंद नसलेली निगेटिव्ह तुलनेस निरुपयोगी ठरते. पाकिटावर गाव, दिनांक, नक्षत्र, दिशा, भिंग, फिल्टर आणि गवताचे स्थानिक नाव लिहून ठेवले, तर वीस वर्षांनी दुसऱ्या कोणास त्याच जागी, त्याच नक्षत्रात उभे राहून तेच चित्र पुन्हा घेता येईल.