जाळ्यातली बोलणी कशी वाचावीत?

दोन संगणक एकमेकांशी बोलतात ते ठरलेल्या नियमांनी. आधी कोणी बोलायचे, काय विचारायचे, उत्तर कसे द्यायचे, या नियमांना प्रोटोकॉल म्हणतात. फळ्यावर बाण काढून हे शिकवता येते, पण प्रत्यक्ष बोलणी पाहण्याची मजा निराळी. त्यासाठी 'वायरशार्क' हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. जेराल्ड कोम्ब्स यांनी १९९८ मध्ये ते 'इथिरिअल' या नावाने प्रसिद्ध केले. २००६ पासून ते वायरशार्क झाले.

आपल्या संगणकातून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटची नक्कल ते टिपून ठेवते आणि कांद्यासारखे एकेक आवरण सोलते: इथरनेट, आयपी, टीसीपी आणि सर्वांत आत एचटीटीपीसारखा उपयोजनाचा प्रोटोकॉल. प्रत्येक आवरण उलगडणारा भाग स्वतंत्र आहे. त्यामुळे उद्या नवा प्रोटोकॉल आला तर त्याचा तेवढा भाग लिहून जोडायचा. खालची आवरणे सोलण्याची सोय तयारच असते. हे साधन सर्वांना पुरून उरते ते यामुळे.

'एचटीटीपी'ने सुरू होणारे एखादे साधे पान उघडून पाहा. ब्राउझरने केलेली मागणी सरळ अक्षरांत दिसते. 'गेट' या शब्दावर टिचकी मारली की खाली ४७, ४५, ५४ हे षोडशमान अंक उठून दिसतात. तीच त्या शब्दाची तीन इंग्रजी अक्षरे. अशा पानावर परवलीचा शब्द भरला (खोटाच भरावा!) तर सहसा तोही तसाच वाचता येतो. खुल्या वाय-फायवर शेजारी बसलेल्यालाही तो वाचता येईल.

आता 'एचटीटीपीएस'चे पान उघडा. मजकुराच्या जागी निरर्थक अंकांची रांग दिसेल. मग सगळेच झाकले गेले का? विद्यार्थी बहुधा 'हो' म्हणतील. वरच्या पट्टीत इंग्रजी अक्षरांत 'डीएनएस' लिहून पाहायला सांगा. कोणत्या संस्थळाचा पत्ता विचारला, ते अनेकदा उघडे सापडते. पुढे जोडणी सुरू करणाऱ्या पहिल्या संदेशातही संस्थळाचे नाव बहुधा उघडेच असते. ते झाकण्याची सोय अलीकडे कुठे कुठे होऊ लागली आहे. पॅकेटचा आकार आणि वेळ तर लपतच नाही. पत्र बंद, पण पाकिटावरचा पत्ता टपालवाल्याला दिसणारच, तसे हे.

एक पथ्य आमच्या मते कडक पाळावे: नोंद स्वतःच्या संगणकाचीच घ्यावी, आणि शाळेच्या जाळ्यावर प्रयोग करायचा तर मुख्याध्यापकांची परवानगी आधी घ्यावी.