अभियांत्रिकीतील स्त्रिया : समान वागणूक आणि न्याय्य वागणूक

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मद्रासच्या गिंडी येथील अभियांत्रिकी महाविद्यालयातून ए. ललिता ह्या विद्युत्-अभियांत्रिकी शिकून बाहेर पडल्या. आपल्या देशातील अगदी पहिल्या स्त्री-अभियंत्यांत त्यांची गणना होते. त्यांच्या पदवीपत्राच्या छापील नमुन्यात 'तो' हे सर्वनाम होते. ते खोडून तेथे 'ती' असे लिहावे लागले. गोष्ट लहान आहे, पण आम्हांस जे सांगावयाचे आहे त्याचे सार तीत आले आहे. तो नमुना स्त्रियांना वगळावे म्हणून कोणी मुद्दाम छापला नव्हता. ह्या दारातून एखादी स्त्री येईल ही कल्पनाच कोणाच्या मनात नव्हती, इतकेच!

अन्याय दोन तऱ्हेचा असतो. एक उघड बोलतो. १९७४ च्या सुमारास टेल्कोने इंजिनियरांसाठी जाहिरात दिली, तीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असे स्पष्ट म्हटले होते. सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, ह्यांनी त्याबद्दल जे. आर. डी. टाटांना एक पोस्टकार्ड धाडले. त्यांना पुण्यास मुलाखतीला बोलावणे आले आणि नोकरीही मिळाली. उघड अन्यायाचे एक बरे असते, त्याच्या नावाने पत्र टाकता येते. दुसरा अन्याय मुका असतो आणि पुष्कळदा तो दयेचे रूप घेऊन येतो.

१९४८ चा कारखाना कायदाच पाहा. सकाळी ६ ते संध्याकाळी ७ ह्या वेळेबाहेर स्त्रियांना कारखान्यात कामावर ठेवू नये, असे त्यात सांगितले होते. राज्य सरकारला थोडी सवलत देता येई. पण रात्री १० ते पहाटे ५ ही वेळ मात्र पक्की बंद. हेतू रक्षणाचा होता, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु कारखाना तीन पाळ्यांत चालतो आणि यंत्र घड्याळ पाहून बिघडत नाही. रात्रपाळी ज्याने सांभाळली त्याच्याच हाती पुढे विभाग सोपविला जातो. ज्या बाईला रात्रपाळी नाही तिला तो अनुभव नाही, आणि अनुभव नाही म्हणून बढतीही नाही! रस्त्यावर दिवे लावावयाचे, येण्याजाण्याला गाडी द्यावयाची, ते सोडून बाईलाच घरी बसविले. मद्रास उच्च न्यायालयाने २००० साली हे बंधन घटनेविरुद्ध ठरविले. २०२० च्या कामगार संहितेने स्त्रीची संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था ह्या अटींवर रात्रीचे काम मोकळे केले. खाणीत भूगर्भात उतरण्याची बंदी १९५२ च्या कायद्यात होती. तीही २०१९ मध्ये तांत्रिक व देखरेखीच्या कामांपुरती सैल झाली.

पाळणाघराची गोष्ट याहून बोधप्रद आहे. त्याच १९४८ च्या कायद्याप्रमाणे ५० हून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे पाळणाघर हवे होते. १९७६ मध्ये हा आकडा ३० वर आणला. सुधारणा चांगली, पण मोजणी बायकांचीच राहिली. जणू मूल एकट्या आईचे! शिवाय आणखी एक बाई घेतली की खर्च वाढणार, हा हिशेब मालकाच्या डोक्यात कायद्यानेच घातला. २०१७ च्या दुरुस्तीने मोजणीची रीत बदलली. ५० कर्मचारी असले, मग ते पुरुष असोत वा स्त्रिया, तेथे पाळणाघर हवे. मात्र त्याच दुरुस्तीने बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची केली आणि तिचा भार, निदान अभियंत्यांसारख्या चांगल्या पगाराच्या नोकरीत, बहुधा मालकावरच ठेवला. म्हणजे जुना हिशेब एका दाराने गेला आणि दुसऱ्या दाराने परत आला.

कोणी म्हणेल, "गुणवत्ता असेल तर स्त्री पुढे येईलच की!" ललिताबाईंचेच उदाहरण घेऊ. अठराव्या वर्षी वैधव्य आले, पदरी तान्ही मुलगी. गुणवत्ता तर होतीच. पण वडील त्याच महाविद्यालयात प्राध्यापक होते. पुढे कलकत्त्याची नोकरी पत्करली ती तेथे भाऊ राहत होता म्हणून. त्या आधारावर त्यांनी वीजवाहिन्यांच्या आणि उपकेंद्रांच्या आराखड्यांचे काम केले, आणि १९६४ साली न्यूयॉर्कला स्त्री-अभियंत्यांच्या व शास्त्रज्ञांच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेस त्या गेल्या. ज्या बाईला असे वडील नाहीत, असा भाऊ नाही, तिच्या गुणवत्तेने काय करावे?

दारे उघडण्याचे काम पुष्कळ झाले आहे. महर्षी कर्वे ह्यांच्या संस्थेने १९९१ साली पुण्यात मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. आय.आय.टी.त २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा निर्माण केल्या, त्याही मुलांची एकही जागा न घटविता. पण दारातून आत घेणे निराळे आणि आत टिकू देणे निराळे. सर्वांना एकच नियम लावणे ही समान वागणूक झाली. तो नियम कोणाला डोळ्यांपुढे ठेवून केला हे विचारणे, येथून न्याय सुरू होतो.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे. प्रत्येक नव्या मुलीसाठी जुन्या कागदावरचा एक शब्द खोडीत बसू नये. पाळ्या, बढतीचे नियम, पाळणाघर आणि बापाची रजा ह्या साऱ्यांचा नमुनाच नव्याने छापावा, आणि तो छापताना ती येणार आहे हे आधीच ध्यानात घ्यावे.