सागरसफरींतील खडकाळ किनारे आणि आपलीं पादत्राणें

मुलांच्या आग्रहास्तव भूमध्य समुद्रांतील जलपर्यटनास निघालेले आजी-आजोबा ही आतां कांहीं अपूर्वाईची गोष्ट राहिली नाहीं. निघण्यापूर्वीं लोकरीचे कपडे, औषधें, चिवडा यांचा विचार तपशीलवार होतो. पायांत काय घालावयाचें हा प्रश्न मात्र आदल्या रात्रीं उपस्थित होतो आणि “आहेत त्याच चपला घ्या” एवढ्या वाक्यानें निकालांत निघतो. समुद्रकिनारा म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें जुहूची किंवा गणपतीपुळ्याची मऊ वाळू उभी राहते, हें त्याचें कारण होय. परंतु फ्रान्समधील नीस शहराचा प्रसिद्ध किनारा गुळगुळीत गोट्यांचा आहे; क्रोएशियाचा किनारा बहुतांशीं चुनखडीच्या खडकांचा; आणि सँटोरिनी हें ग्रीक बेट ज्वालामुखीचें असल्यामुळें तेथील कामारीच्या किनाऱ्यावर काळे खडे पसरलेले असून उन्हाळ्याच्या दुपारीं ते तव्यासारखे तापतात.

महाभारताच्या अनुशासनपर्वांत जमदग्नि व रेणुका यांची एक कथा आहे. ऋषींनीं सोडलेले बाण वेंचून आणीत असतां रेणुकेचें मस्तक व पाय उन्हानें पोळले. ऋषि थेट सूर्यावरच कोपले. तेव्हां सूर्यानें छत्र आणि उपानह देऊन त्यांचें समाधान केलें. पादत्राणाचा उगम असा पत्नीच्या पायांच्या काळजींतून सांगितलेला आहे, आणि आज घरांत सर्वांत शेवटीं कोणाच्या पायांचा विचार होत असेल तर तो गृहिणीच्याच!

चटका एक वेळ सोसेल. खरें भय घसरण्याचें. भूमध्य समुद्रांत भरती-ओहोटीचा फरक बहुतेक ठिकाणीं हातभराहूनही कमी असतो. त्यामुळें कांठचा एक अरुंद पट्टा जवळजवळ सदैव ओला राहून त्यावर शेवाळ धरतें. साठी उलटल्यावर, विशेषतः स्त्रियांचीं, हाडें ठिसूळ होतात; खुब्याचें हाड मोडलें तर ती सहलच नव्हे, पुढील वर्षही अंथरुणांत जाण्याचा संभव. शिवाय खडकांच्या कपारींत काळ्या काटेरी चेंडूसारखा एक प्राणी राहतो. त्यावर पाय पडला कीं कांटा मांसांत मोडून राहतो.

अंगठ्याच्या रबरी चपलेंत टाच मोकळी असते, आणि ती ओली झाली कीं पाय तिच्यावरच सरकतो. कोल्हापुरी चप्पल कितीही देखणी असो, तिचें चामडें भिजून सैल पडतें. मोज्यासारखे पातळ पाण्यांतले बूट पोहतांना उत्तम. पण उतारवयांत तळपायाची नैसर्गिक गादी झिजलेली असल्यानें त्यांतून एकेक गोटा टोंचतो, आणि तो कांटाही पातळ तळांतून आंत शिरूं शकतो. माझ्या मतें बोटें पुढून झांकलेलीं, टाचेमागें पट्टा, बाजूंनीं पाणी निघून जाण्यास वाट आणि खोल खाचांचा जाड परंतु नरम रबरी तळ असलेलें सँडल घ्यावें. तें दोन्ही हातांनीं धरून वांकवावें: चवड्यापाशीं वांकेल तें चांगलें, मध्यभागींच दुमडेल तें परत ठेवावें.

परदेशांतील मुलाने संगणकावरून मागविलेलें पादत्राण कितीही महाग असलें तरी पाय आपला आहे. खरेदी सायंकाळीं करावी, कारण तेव्हां पाय किंचित् सुजलेले असतात. मग आठ दिवस तें घरांत वापरावें. दोनदां नळाखालीं भिजवूनही चालून पाहावें. “चांगलें आहे” म्हणून पांच-सात वर्षें कपाटांत जपून ठेवलेला जोड मात्र नेऊं नये. कित्येक बुटांचे तळ ज्या कृत्रिम पदार्थाचे असतात तो दमट हवेनें न वापरतांही कुजतो, आणि पहिल्याच दिवशीं त्याचा भुगा होतो.

मधुमेही मंडळींनीं तर अनवाणी एक पाऊलही टाकूं नये. त्यांच्या पायांची जाणीव मंदावलेली असल्यास चटका बसला किंवा कांटा रुतला तरी कळत नाहीं. रोज रात्रीं खोलींत परतल्यावर दुसऱ्या कोणाकडून तळवे उजेडांत पाहून घ्यावेत. यांत संकोच कसला?

सँटोरिनीस मोठें जहाज धक्क्यास लागत नाहीं. तें पाण्यांत उभें राहतें व प्रवाशांस लहान होड्यांतून उतरवितात. होडी हलत असते. त्या वेळीं पादत्राण पायांतच असावें व दोन्ही हात मोकळे असावेत. चपला हातांत घेऊन उतरण्याची आपली संवय तेथें नको. परतल्यावर पट्टे गोड्या पाण्यानें धुऊन सांवलींत वाळवावे. मीठ तसेंच राहिलें तर सकाळीं तेच पट्टे कडक होऊन घोटा सोलून काढतात, आणि दुसऱ्या बंदरावर सर्व मंडळी उतरलीं असतां आपण एकटेच जहाजावर बसून राहतो.