काजूबीवरील जकात आणि आपण

जकात म्हटली कीं जुन्या वाचकांस शहराच्या वेशीवरील नाका आठवतो. ते नाके आतां उठले. मुंबईची जकातही ता. १ जुलै २०१७ पासून बंद झाली. परंतु देशाच्या वेशीवरचा नाका, म्हणजे बंदरांतील आयात जकात, कायम आहे, आणि सावर्ड्याच्या परिसरांतील काजू बागाईतदाराच्या मिळकतीशीं तिचा निकटचा संबंध आहे. सबब तिचें स्वरूप येथें थोडक्यांत सांगतों.

समजा, आफ्रिकेंतील काजूबी बंदरीं किलोस १०० रुपये दरानें उतरली. तीवर शेंकडा अडीच जकात बसली, तर अडीच रुपये माल सोडविणारा येथील व्यापारी भरतो. परदेशी विकणारा नव्हे. कारखानदारास ती बी १०२ रुपये ५० पैशांस पडते, आणि त्याच प्रतीच्या आपल्या बीस तेवढा दर देण्यास त्याची हरकत राहत नाहीं. जकातीचा आपणांस आधार तो एवढाच. तो भार मात्र कारखान्याच्या नफ्यांतून किंवा गर खाणाराच्या खिशांतून निघतो. तो कोणास तरी सोसावा लागतोच.

देश जकात बसवितात तीं कारणें मुख्यत्वें तीन: तिजोरी भरणें, घरचा धंदा सांभाळणें, आणि दुसऱ्या देशाशीं बोलणीं करतांना हातीं वजन राखणें. कांहीं देश उलट बाजूनेंही अडवितात. पश्चिम आफ्रिकेंतील बेनिन देशानें, बी फोडण्याचा धंदा आपल्याच घरीं वाढावा म्हणून, एप्रिल २०२४ पासून कच्च्या काजूबीची निर्गत बंद केली.

आपल्या देशांत बीवर २०१६ सालीं शेंकडा ५ जकात बसली. २०१८ च्या अंदाजपत्रकांत ती अडीचवर आली. उलट काजूगरावरील जकात २०१९ सालीं शेंकडा ४५ वरून ७० झाली. हा भेद वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावा. गरावरील जकात कारखानदारास राखते. बीवरील जकात बागाईतदारास. कारखान्यांची गरज देशी पिकाहून पुष्कळ मोठी आहे. बी अति महाग झाली, तर फोडण्याचा धंदा व्हिएतनामकडे वळेल, आणि बंद कारखाना आपलीही बी घेणार नाहीं. पण स्वस्त बी अमर्याद आली, तर ऐन चैत्र-वैशाखांत व्यापारी सांगेल तोच आपला भाव. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

मग दर वाढविला कीं काम झालें काय? नाहीं. अत्यंत मागासलेल्या देशांच्या मालास भारत सरकारनें २००८ सालीं जकातीची सवलत जाहीर केली, व तींत काजूचा समावेश केला. टांझानिया, मोझांबिक, गिनी-बिसाऊ हे त्या वर्गांतील देश; आयव्हरी कोस्ट त्यांत नाहीं. पुढचें दार लोटलें आणि बाजूचें उघडें राहिलें, तर माल बाजूनें शिरणारच.

दुसरा मार्ग अनुदानाचा. २०२४ च्या हंगामासाठीं महाराष्ट्र शासनानें काजूबीस किलोमागें १० रुपये जाहीर केले. जकातीचा भार गिऱ्हाइकावर नकळत पडतो. अनुदानाचा खर्च सरकारी हिशेबांत उघड दिसतो, म्हणून तो दरसाल मागावा लागतो.

तेव्हां जकात वाढवावी असा ठराव सभेपुढें आला म्हणजे सभासदांनीं तीन प्रश्न विचारावेत: कोणत्या मालावर? कोणत्या देशाच्या? आणि भार कोणाच्या शिरावर? आमचें मत असें कीं, बीवर माफक जकात असावी व ती आपल्या हंगामापुरती वाढवावी. सवलतीच्या वाटेचाही त्याच वेळीं विचार व्हावा. सरकारचा निर्णय होईल तेव्हां होईल. तोंवर बी खडखडीत वाळवून, प्रतवारी लावून, एकत्र सांठविणें आपल्या हातीं आहे. ओली बी घाईनें विकणारास कोणतीही जकात तारणार नाहीं.