‘पतंग’ ह्या संज्ञेची एक कसोटी

नशिराबादसारख्या खानदेशी गावात बांधावरील घाणेरीच्या फुलांसमोर भर उन्हात एखादा जीव न बसता अधांतरी स्थिर राहतो, लांब सोंड फुलात घालतो आणि क्षणार्धात पुढच्या फुलाकडे वळतो. पाहणारा त्याला भुंगा म्हणतो, क्वचित लहानसा पक्षी समजतो. वस्तुतः तो पतंग होय. मग पतंग म्हणताच आपणांस रात्र आणि दिवाच का आठवावा, ह्याचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

भारतात सर्वत्र आढळणाऱ्या ह्या जातीचे शास्त्रीय नाव सेफोनोडीस हायलास असून लिनियसने तिचे वर्णन १७७१ साली केले. शरीर हिरवट, पंख काचेसारखे पारदर्शक. कोशातून बाहेर पडताना मात्र पंखांवर करडे खवले असतात. पहिल्याच भरारीत ते झडून जातात. शेपटाकडे शिंग असलेली हिची अळी अनंताच्या पानांवर वाढते. हिमालयातील कुरणांवर दिवसा विहरणारी मॅक्रोग्लॉसम स्टेलाटेरम ही जाती ह्याच कुलातील होय.

मराठीत ‘पतंग’ हा दिव्यावर झेप घेणारा. हा संकेत कवींनी रूढ केला, व्युत्पत्तीने नव्हे. ‘पत्’ म्हणजे उडणे. संस्कृत ‘पतङ्ग’ म्हणजे उडत जाणारा. अमरकोशात ह्या शब्दाचे पक्षी आणि सूर्य असेही अर्थ दिले आहेत. म्हणजे ज्या शब्दाला आपण रात्रीशी जखडले, त्याच्या पोटी सूर्यही आहे. दिवसा उडणाऱ्या कीटकास पतंग म्हणण्यात व्याघात नाही. व्याघात आपल्या सवयीत आहे.

स्टेलाटेरमच्या इंग्रजी नावात हमिंगबर्ड आणि ससाणा असे दोन पक्षी एकत्र आले आहेत. त्यांतील हमिंगबर्ड केवळ अमेरिका खंडांत आढळतो. त्या नावाचे शब्दशः भाषांतर केल्यास मराठी विद्यार्थ्यास न पाहिलेल्या पक्ष्यावरून समोरचा कीटक ओळखावा लागेल. ‘मॅक्रोग्लॉसम’ हे ग्रीक नाव अधिक सरळ आहे: लांब जिभेचा.

परिभाषा घडविताना परक्या उपमेचे भाषांतर करण्यापेक्षा वस्तूचे लक्षण आपल्या शब्दांत सांगावे. ‘निशाचर’ शब्द आपणांजवळ आहेच. त्याच धर्तीवर ह्या कीटकांना ‘दिनचर पतंग’ म्हणावे. नवा शब्द घडविण्यापूर्वी जुन्या शब्दाचा विसरलेला अर्थ तपासणे, हेच परिभाषेचे पहिले काम होय.