रेशमी पिसांखालची काळी हाडं

गावठी कोंबडीचं गळून पडलेलं एक पीस उचला. मधल्या दांड्याच्या बाजूचं पातं बोटाने उलट्या दिशेने ओढलं की त्यात फट पडते, आणि चिमटीत धरून सुलट फिरवलं की फट मिटून पातं पुन्हा अखंड होतं. पिसाच्या प्रत्येक तंतूला बारीक उपतंतू असतात आणि त्यांच्या टोकांना नुसत्या डोळ्यांना न दिसणारे आकडे. पिशवीची चेन लागावी तसे हे आकडे शेजारच्या उपतंतूत अडकतात. पक्ष्याचं उडणं त्या अडकण्यावर चालतं, आणि पावसाचं पाणी अंगावरून ओघळून जातं तेही त्याच्यामुळेच.

आता सिल्की जातीच्या कोंबडीचं पीस घ्या. दांडा आखूड आणि लवचीक, तंतू सुटे, फुंकर मारली तरी हलणारे. चिमटीतून कितीही फिरवा, पातं जुळतच नाही, कारण अडकायला आकडेच नाहीत. अंगभर अशी पिसं असल्यामुळे ही कोंबडी लांबून सावरीच्या कापसाच्या बोंडासारखी दिसते. हात लावला तर मांजरीच्या पिल्लाला हात लावल्यासारखं वाटतं. ही तुलना माझी नाही, सातशे वर्षं जुनी आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस चीनमधून परतलेल्या मार्को पोलोने फूज्येन प्रांतातल्या कोंबड्यांचं वर्णन केलं तेही असंच होतं: अंगावर मांजरासारखे केस, रंग काळा, आणि अंडी मात्र चांगली. पुढे युरोपात ही कोंबडी पोहोचली तेव्हा ती सशाच्या आणि कोंबडीच्या संकरातून झाली आहे असं सांगून विकणारेही निघाले.

पिसं बाजूला सारून पाहिलं की दुसरं आश्चर्य दिसतं. त्वचा निळसर काळी, चोच आणि नडग्या काळ्या, कानाच्या पाळ्या मोरपिशी निळ्या, तुरा अक्रोडासारखा गाठाळ आणि गडद. पायाला चारऐवजी पाच बोटं. मांसावरची आवरणं काळी, हाडंही काळी. रक्त मात्र लाल आणि अंड्याचं कवच फिकट बदामी. काळ्या कोंबडीचं रक्त काळं असतं ही समजूत खोटी आहे.

छत्तीसगडच्या रायपूरमध्ये ‘फॅन्सी मुर्गी’ म्हणून सिल्की पाळणारी घरं आहेत, आणि तिच्याकडे परदेशी शोभेचा पक्षी म्हणूनच पाहिलं जातं. पण काळ्या हाडांची कोंबडी छत्तीसगडला परकी नाही. दंतेवाडा जिल्ह्यात महिला बचत गट कडकनाथ ही देशी जात पाळतात, आणि कांकेरच्या कृषी विज्ञान केंद्राने कडकनाथची पिल्लं उबवून शेतकऱ्यांना दिली आहेत. २०१८ साली कडकनाथच्या भौगोलिक मानांकनासाठी मध्य प्रदेशच्या झाबुआबरोबर दंतेवाड्यानेही दावा केला होता. मानांकन त्याच वर्षी झाबुआला मिळालं. झाबुआकडचे भिल्ल तिला ‘काली मासी’ म्हणतात, म्हणजे काळ्या मांसाची.

चीनची सिल्की आणि आपली कडकनाथ या दोघींचा काळेपणा एकच आहे, आणि इथे ‘एकच’ हा शब्द मी जपून वापरतो आहे. अंड्यातल्या गर्भात रंगाच्या पेशी पाठीच्या कण्याजवळ तयार होतात आणि तिथून प्रवासाला निघतात. साध्या कोंबडीत त्या मुख्यतः त्वचेखालून पिसांच्या मुळांपर्यंत जातात. काळ्या हाडांच्या कोंबडीत त्या संख्येने खूप वाढतात आणि पोटाच्या बाजूलाही उतरतात. मग स्नायूंची वेष्टनं, हाडांवरचा पापुद्रा, आतडी, सगळं रंगून निघतं. या पेशींना ‘वाढा, पसरा’ असा संदेश देणारा एक जनुक विसाव्या गुणसूत्रावर आहे. त्याचं नाव ईडीएन३. सिल्कीमध्ये गुणसूत्राचा तो तुकडा दुपटीने आणि उलटापालट होऊन आलेला आहे, त्यामुळे संदेशही वाढीव जातो. हे २०११ साली उघड झालं. व्हिएतनामची हमाँग, जावा बेटावरची आयाम चेमानी आणि स्वीडनची स्वार्थोना या काळ्या कोंबड्यांतही गुणसूत्राची हीच गुंतागुंतीची उलटापालट आढळली. भोपाळच्या ‘आयसर’ संस्थेतल्या संशोधकांनी कडकनाथचा जनुकसंच वाचला, तेव्हा तिच्यातही तीच निघाली. इतकी गुंतागुंतीची चूक निसर्गात पाच ठिकाणी वेगवेगळी, पण अगदी सारखी घडणं संभवत नाही. ती एकदा घडली आणि माणसांबरोबर देशोदेशी फिरली. रायपूरच्या परसात हिंडणारी पांढरी सिल्की आणि दंतेवाड्याची काळी कडकनाथ पिसांनी कितीही वेगळ्या असोत, हाडांनी बहिणी आहेत.

विज्ञानाला सिल्कीचं आकर्षण फार जुनं. डार्विनने स्पॅनिश जातीचा काळा कोंबडा आणि पांढरी सिल्की यांची जोडी लावून पाहिली. पिल्लांतला एक कोंबडा मोठा झाल्यावर लाल-नारिंगी पिसांचा निघाला, थेट जंगलातल्या रानकोंबड्यासारखा. आई पांढरी, बाप काळा, आणि मुलगा हजारो वर्षांपूर्वीच्या पूर्वजावर गेलेला. १८६८ साली छापलेल्या ग्रंथात त्याने हे नोंदवलं आहे. तो पूर्वज, तांबडा रानकोंबडा, बस्तरच्या कांगेर खोऱ्यात आजही पहाटे आरवतो.

१९११ साली बेटसन आणि पनेट या आनुवंशिकतेच्या अभ्यासकांनी सिल्कीच्या काळ्या त्वचेचा वारसा मांडला. घरी कोंबड्या पाळणाऱ्याला तो आजही उपयोगी पडतो. त्यांनी सिल्कीचा संकर तपकिरी लेगहॉर्नशी केला. बाप लेगहॉर्न आणि आई सिल्की असली तर सगळीच पिल्लं फिकट निघत. उलट, बाप सिल्की आणि आई लेगहॉर्न असली तर नर पिल्लं फिकट आणि माद्या गडद काळ्या. कारण लेगहॉर्नमध्ये काळेपणा रोखणारा एक जनुक लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर बसलेला असतो, आणि कोंबडी ते गुणसूत्र फक्त मुलग्यांना देते. पिवळ्या किंवा पांढऱ्या नडग्यांच्या गावठी कोंबड्यांतही हा जनुक असतो. म्हणून गावठी कोंबडीवर काळ्या हाडांचा कोंबडा सोडणाऱ्याला तलंगा काळ्या आणि कोंबडे फिकट मिळाले तर त्यात आक्रीत काही नाही.

सिल्कीची खरी थोरवी मात्र तिच्या खुडूकपणात आहे. अंडी देऊन झाली की कोंबडी खुडूक होते, म्हणजे ती पिसं फुलवून घरट्यात ठाण मांडते, हात नेला तर गुरगुरते आणि अंडी देणं थांबवते. व्यापारी जातींतून माणसाने निवड करकरून हा गुण जवळजवळ घालवला, कारण खुडूक कोंबडी अंडी देत नाही. म्हणूनच मोठ्या उबवणी केंद्रांना यंत्रं लागतात. सिल्कीमध्ये हा गुण शाबूत आहे, उलट जास्तच आहे. वर्षाला शंभरेक अंडी एवढीच तिची मजल, पण दुसऱ्या कोंबडीची, बदकाची, तितराची, कोणाचीही अंडी खाली ठेवा, ती आपली समजून उबवते. कडकनाथ अंड्यांवर टिकून बसत नाही असा पाळणाऱ्यांचा सर्वसाधारण अनुभव आहे. तेव्हा छत्तीसगडमध्ये सिल्कीचं खरं काम कोणतं हे वेगळं सांगायला नको. परसात आठ-दहा कडकनाथ असलेल्या घराला दोन सिल्की म्हणजे वीज न लागणारी दोन उबवणी यंत्रं.

तिला बसवण्याची रीत सोपी आहे, पण रायपुरात ऋतू पाहावा लागतो. मेअखेरच्या नौतपात इथला पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो. कोंबडीला घाम येत नाही, ती मुख्यतः चोच उघडून धापा टाकून अंग थंड करते, आणि सिल्कीच्या अंगावर तर कायमची दुलई. त्या दिवसांत तिला अंड्यांवर बसवू नये. बसवण्यासाठी जमवलेली अंडीही उन्हाळ्यात खोलीत ठेवली तर आतला गर्भ अर्धवट वाढून मरतो. ओल्या वाळूत बसवलेल्या मडक्यात, निमुळतं टोक खाली करून, फार तर सात दिवस ठेवावीत. दिवाळीनंतरचा काळ सर्वांत चांगला.

घरटं अंधाऱ्या कोपऱ्यात, जमिनीलगत करावं, कारण तिला उडी मारून वर जाता येत नाही. टोपलीत धानाचा पेंढा घालून मध्ये खोलगा करावा. अंगाने ती लहान, वजन दीड किलोच्या आतबाहेर, तेव्हा कडकनाथची सहा-सात अंडी पुरेत. एखादं अंडं पंखाबाहेर राहिलं तर ते रोज वेगळं असतं, कारण ती अंडी फिरवत राहते. मग एका अंड्यापायी सगळीच गारठतात. सातव्या दिवशी रात्री प्रत्येक अंड्याच्या बोथट टोकाशी टॉर्च धरावा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जीव धरला, नुसता पिवळा उजेड दिसला तर अंडं काढून टाकावं. अठराव्या दिवसानंतर घरट्यात हात घालू नये. एकविसाव्या दिवशी आतून टकटक ऐकू येते. कोंबडी दिवसातून एकदाच, थोडा वेळ उठते. उठली नाही तर तिला उचलून दाण्यापाण्यापाशी ठेवावं, कारण ही उपाशी बसून राहण्यातली आहे.

सिल्कीची स्वतःची अंडी फळत नाहीत अशी तक्रार पुष्कळ ऐकू येते. दोष बहुधा पिसांचा असतो. शेपटीखालची लोकर इतकी दाट की मिलन नीट होत नाही. नर-मादी दोघांचीही तिथली पिसं कात्रीने आखूड केली की फरक पडतो. डोळ्यांवर येणारा झुबकाही कापावा. समोरचं न दिसल्यामुळे ही कोंबडी भांड्यात पाय घालते, दुसऱ्यांच्या टोची खाते आणि मुंगूस अंगावर येईपर्यंत तिला कळत नाही. लहान पिल्लांच्या डोक्यावर टोचा बसू देऊ नयेत. काही सिल्कींच्या कवटीला वर उंचवटा असतो, तिथलं हाड पूर्ण मिटलेलं नसतं आणि हलका मारही जीवघेणा ठरतो. नर कोण, मादी कोण हे चार-पाच महिने नीट कळत नाही, म्हणून ‘जोडी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पिल्लांवर विसंबू नये.

पावसाळा तिला उन्हाळ्याहून वाईट. पाणी पिसांवरून ओघळत नाही, मुरतं. भिजलेली सिल्की गारठून खुरमुंडी करून बसते आणि तिथून आजार सुरू होतो. पत्र्याचं छप्पर, खाली कोरड्या तुसाचा चार बोटं थर, आणि जमिनीत वीतभर पुरलेली बारीक जाळी एवढं खुराड्याला हवंच. तूस आणि कनकी, म्हणजे तांदळाची कणी, या मुलखात मुबलक, पण नुसत्या कनकीवर पिल्लं वाढत नाहीत, त्यांना प्रथिनं लागतात. बस्तरात पिल्लांना वाळवी खाऊ घालतात ती उगाच नाही.

लसीकरणात कसूर नको. पहिल्याच दिवशी मॅरेक्सची लस मिळाली तर उत्तम, कारण सिल्की या रोगाला लवकर बळी पडते. पहिल्या आठवड्यात मानमोडीची लासोटा, पुढे गंबोरो, देवी, आणि आठव्या आठवड्यात मानमोडीची दुसरी लस. देवीचा रोग डास पसरवतात आणि त्याच्या खपल्या काळ्या तुऱ्यावर पटकन दिसत नाहीत. साध्या कोंबडीचा तुरा फिका पडला की ती आजारी आहे हे कळतं, इथे ती खूण उपयोगाची नाही. आठवड्यातून एकदा उचलून छातीचं हाड चाचपावं. ते सुरीच्या पात्यासारखं लागलं तर कोंबडी खंगते आहे. शंका आली तर दुर्गजवळ अंजोऱ्याला कामधेनू विद्यापीठाचं पशुवैद्यक महाविद्यालय आहे. आणि एकाच वेळी अनेक कोंबड्या अचानक मेल्या तर पशुसंवर्धन विभागाला कळवायलाच हवं. २००६ साली नंदुरबारच्या नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला तेव्हा काय झालं, हे महाराष्ट्र विसरलेला नाही.

शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कडकनाथला भाव आहे, आणि भाव आला की फसवणूक आणि भेसळ येते. २०१९ मध्ये सांगली भागात कडकनाथच्या नावावर हजारो शेतकरी कसे पोळले हे आपण पाहिलं. सिल्की आणि कडकनाथ एका खुराड्यात ठेवल्या तर भेसळ नकळतही होते, कारण दोघींचा काळेपणा एक असल्याने संकराची पिल्लंही काळीच निघतात. सिल्कीचं रेशमी पीस मात्र पहिल्या पिढीत लपतं. त्यासाठी जनुकाच्या दोन्ही प्रती लागतात, एकीने भागत नाही. म्हणजे साध्या पिसांची, काळ्या कातडीची, वरवर कडकनाथसारखी दिसणारी कोंबडी तयार होते, आणि तिच्या पोटी पुढे रेशमी पिल्लं निपजू शकतात. तेव्हा सिल्कीला दाई म्हणून ठेवा, पण कडकनाथच्या कोंबड्यापासून जाळीपलीकडे. आणि कडकनाथ म्हणून कुणी पिल्लू हातात दिलं तर ते उलटं करून पायाची बोटं मोजा. कडकनाथला चार असतात. पाचवं बोट दिसलं तर ते पिल्लू घेऊ नका.